क्लॅरिनेटवर कोण आहे? मिश्र जॅझचे अल्बम शोधण्याची रीत

"मामा, जॅझ ऐकून पाहिला. हॉटेलात जेवताना लावतात तसलंच आहे सगळं." भाचा असं म्हणाला तेव्हा मी त्याचा फोन मागून घेतला. शोधाच्या चौकटीत नुसतं 'जॅझ' टाकलेलं. अॅपनं समोर वाढून ठेवलेल्या याद्या: पावसातला जॅझ, कॉफीचा जॅझ, अभ्यासाचा, झोपेचा. चार-चार तासांची ताटं आणि वाजवणाऱ्याचं नाव धड एकाही ठिकाणी नाही. असा फोन घेऊन माझ्याकडे येणारा तो पहिला नव्हता, म्हणून हे एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

आपल्याकडे लग्नाला बँड ठरवताना जाणता माणूस बँडच्या नावावर जात नाही. तो विचारतो, यंदा क्लॅरिनेटवर कोण आहे? मालक तोच, गाडी तीच, गणवेश तोच, पण वाजवणारे हंगामागणिक इकडून तिकडे जातात. जॅझचा कारभार असाच चालतो. आजचा जॅझ रॅपमध्ये मिसळतो, कर्नाटक संगीतात मिसळतो, आर्मेनियाच्या लोकगीतात आणि इलेक्ट्रॉनिक आवाजात मिसळतो. त्यामुळे प्रकाराचं नाव धरून शोधणारा हमखास चुकतो. खाली दिलेला क्रम एका प्रश्नाभोवती फिरतो: हे वाजवतंय कोण, आणि हा माणूस आणखी कुठे वाजवतो?

१. ऐकण्याआधीची तयारी

फोनच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नका. या संगीताचा पाया उभ्या बासवर (माणसाएवढं उंच, खर्जात वाजणारं तंतुवाद्य) असतो आणि फोनचा स्पीकर नेमका तोच खातो. साधे वायरवाले इअरफोनही चालतील, फक्त कानात नीट बसायला हवेत.

तपासा: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बममधलं पहिलं वादन, 'सो व्हॉट', लावा. सुरुवातीच्या संथ तुकड्यानंतर मुख्य धून बास वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात. तुम्हाला नुसतं उत्तर ऐकू आलं आणि प्रश्न आलाच नाही, तर इअरफोन बदला. हा अल्बम काही मिश्र प्रकारातला नाही, कान तपासायला तो बरा पडतो इतकंच.

मग अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा: शफल, ऑटोप्ले आणि गाण्यावर गाणं चढवणारा क्रॉसफेड. यातला ऑटोप्ले सर्वांत घातक. अल्बम संपला की तो गुपचूप तुम्हाला परत कॉफीवाल्या यादीत नेऊन सोडतो, आणि अर्ध्या तासानं तुम्हाला वाटतं की आपण अजून त्याच वादकाला ऐकतोय.

मी अमळनेरहून जळगावला गाडीनं जातो. धरणगावच्या पुढे-मागे नेट कधी येतं, कधी जातं. म्हणून अल्बम रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा. फुकटच्या खात्यात ती सोय नसेल तर ऐकण्याची वेळ घरातलीच ठेवा. इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरोआ सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा 'प्रॉमिसेस' (२०२१) हा नऊ भागांचा, पण सलग एकच तुकडा आहे, सुमारे ४६ मिनिटांचा. मध्ये साबणाची जाहिरात आली की तो गेलाच.

शेवटची वस्तू म्हणजे वही. कागदाचीच हवी असं नाही, पण हवी. पानावर पाच रकाने: अल्बम, वर्ष, कोण काय वाजवतं, लेबल (म्हणजे अल्बम काढणारी कंपनी), आणि ऐकून काय वाटलं. वही न ठेवणारे लोक दोन महिन्यांनी परत 'जॅझ' टाइप करताना दिसतात.

२. आपल्या कानाला जवळचं दार निवडा

सगळ्यात जास्त माणसं इथे पडतात. कुठल्या तरी 'सर्वश्रेष्ठ' यादीत पहिलं नाव दिसतं आणि ते थेट तिथे उडी मारतात. माइल्स डेव्हिसचाच 'बिचेस ब्रू' (१९७०) हा थोर अल्बम आहे, पण त्यातलं पहिलंच वादन वीस मिनिटांचं, आणि त्यात धरायला मुखडा सहजी सापडत नाही. कमासी वॉशिंग्टनचा 'द एपिक' (२०१५) तीन डिस्कचा, जवळजवळ तीन तासांचा. पोहायला शिकणाऱ्याला कुणी हतनूरच्या धरणात सोडत नाही.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी 'मेकिंग म्युझिक'पासून (१९८७) सुरुवात करावी. झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन आणि सॅक्सोफोनवर नॉर्वेचा यान गार्बारेक. चौघांतले दोघे ओळखीचे असल्यामुळे परक्या घरात गेल्यासारखं होत नाही. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात मांडी घालून बसणाऱ्यांना तर मी हाच देतो. ठुमरीचं वेड असेल तर त्रिलोक गुर्टूचा 'उस्फ्रेत' (१९८८) शोधा. त्यात त्याच्या आई, म्हणजे शोभा गुर्टू, गायल्या आहेत.

मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती' या संचाचा १९७६चा पहिला अल्बम सगळे सुचवतात, मीही सुचवतो, पण एक पथ्य पाळून. त्यातलं पहिलं वादन अठरा मिनिटांचं आणि वेग असा की नवा माणूस दमून उतरतो. दुसरं, 'लोटस फीट', पाच मिनिटांच्या आतलं आणि शांत आहे. आधी ते ऐका. अल्बम क्रमानं ऐकावा या माझ्या नियमाला एवढाच अपवाद.

जुन्या हिंदी गाण्यांचा कान असेल तर शंकर-जयकिशन यांचा 'रागा जॅझ स्टाइल' (१९६८) घ्या. सतारीवर उस्ताद रईस खान, आणि तोडी, भैरव, मालकंस असे ओळखीचे राग छोट्या छोट्या तुकड्यांत. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर लावायलाही हा चांगला, कुणी उठून जात नाही.

रॅप ऐकणाऱ्या पोरांना केंड्रिक लामारचा 'टू पिम्प अ बटरफ्लाय' (२०१५) माहीत असतो. तोच त्यांचा दरवाजा. त्यावर सॅक्सोफोन वाजवणारा कमासी वॉशिंग्टन आहे, बासवर थंडरकॅट आहे, पियानोवर रॉबर्ट ग्लास्पर आहे. पोरं ते तीनशे वेळा ऐकून बसलेली असतात आणि म्हणतात, आम्हाला जॅझ कळत नाही. रॉक आणि मेटलवाल्यांना महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३), किंवा आर्मेनियन पियानोवादक टिग्रान हमास्यानचा 'मॉकरूट' (२०१५).

सावधान: एका वेळी एकच दार. पाच अल्बम उतरवून प्रत्येकातलं एकेक गाणं चाखणं म्हणजे पंगतीत ताट सोडून सगळ्या वाट्या हुंगत फिरणं.

३. एकच अल्बम तीनदा ऐका

पहिल्यांदा काही शोधू नका, नुसतं ऐका.

दुसऱ्यांदा फक्त बास आणि ड्रम धरा. बहुतेक वादनांचा घाट आपल्याला परका नाही: आधी धून, मग त्याच आवर्तनांवर एकेकाचा विस्तार, शेवटी परत धून. विस्तार चालू असताना मनात धून म्हणत राहा. कुठे तरी हरवाल, परत सापडाल. सम शोधण्याचा हाच खेळ आपण तबल्यासोबत खेळतोच. चार-चार मात्रांनी मोजता आलं नाही तर सातानं किंवा पाचानं मोजून पाहा. या मिश्र प्रकारांत विषम मात्रा खूप.

तिसऱ्यांदा एका वादकाच्या मागे लागा. हे कसं ते एका अल्बमवर दाखवतो. रुद्रेश महंथप्पाचा 'किन्समेन' (२००८) घ्या. त्यात अल्टो सॅक्सोफोन वाजवणारे दोघे आहेत, स्वतः महंथप्पा आणि कद्री गोपालनाथ. वाद्य एकच. पहिल्या ऐकण्यात कोण कुठला हे कळणारच नाही, मलाही कळलं नव्हतं. फरक सुरांच्या मधल्या जागेत आहे. कद्रींनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि हे बटणांचं वाद्य कर्नाटक संगीताला जुळवून घेतलं. त्यामुळे त्यांचा सूर पुढच्या सुराकडे घरंगळत जातो, गमक घेत, ओलसर मातीतून चालल्यासारखा. महंथप्पाचे सूर सुटे सुटे, कडेला धार असलेले आणि भराभर पायऱ्या चढणारे. ही खूण एकदा कानात बसली की दोघांचं बोलणं वेगळं ऐकू येतं. मग खालचा मृदंग आणि ड्रम कुणाच्या बाजूने झुकतात तेही ध्यानात येतं. तिथवर पोचायला मला चार फेऱ्या लागल्या.

कानानं वेगळं करणं जमत नसेल तर डोळ्यांची मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. स्नार्की पपी या अमेरिकन संचाचा 'वी लाइक इट हिअर' (२०१४) नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचे व्हिडिओ आहेत. 'लिंगस'मध्ये कोरी हेन्रीचं की-बोर्डवरचं वादन पाहा. बाकीच्या वादकांच्या चेहऱ्यांवरूनच कळतं की काही तरी जमून येतंय.

तपासा: मिश्रण खरं आहे का? मनातल्या मनात तबला किंवा सतार काढून टाका. वादन तसंच्या तसं उभं राहिलं तर ती वरून पेरलेली कोथिंबीर होती. उभंच राहिलं नाही तर ती फोडणीतली. शेवभाजीत शेव कुणीही टाकतो, चव रश्श्यात असते. या चाचणीत मोठ्या नावांचे बरेच अल्बम नापास होतात. होऊ द्या.

४. वादकांची नावं काढा आणि साखळी जोडा

आता मुख्य काम. अॅपमध्ये बहुतेकदा अल्बमचा मालक आणि संगीतकार एवढंच दिसतं, बासवाला दिसत नाही. त्यासाठी तीन ठिकाणं: लेबलच्या संकेतस्थळावरचं त्या अल्बमचं पान, बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरचं पान (खाली स्क्रोल करा, वादकांची नावं सहसा तिथे असतात), आणि डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रिकांच्या सूचीतली नोंद. नावं देवनागरीत टाकली तर शोध बऱ्याचदा रिकाम्या हातांनी येतो. बोलून शोधायला गेलात तर 'महंथप्पा'चं काय होतं ते स्वतःच करून बघा. म्हणून इंग्रजी स्पेलिंग या पानांवरून उचलून तसंच चिकटवा.

साखळी जोडताना मालक सोडा आणि मागे उभा असलेला माणूस धरा, शक्यतो बासवाला किंवा ड्रमवाला. त्यांना सगळीकडून बोलावणं असतं. माझ्या वहीतलं डेव्ह हॉलंडचं पान उतरवून देतो. हा बासवादक 'बिचेस ब्रू'वर आहे. १९९८मध्ये तोच ट्युनिशियाच्या अनुआर ब्राहेमच्या ऊदसोबत (ऊद म्हणजे अरबी तंतुवाद्य) 'थिमार'वर भेटतो, तिसरा जोडीदार जॉन सर्मन. २०१०मध्ये फ्लामेंको गिटारवादक पेपे हाबिचुएलासोबत 'हँड्स'. २०१९मध्ये झाकीर हुसेन आणि सॅक्सोफोनवादक ख्रिस पॉटर यांच्यासोबत 'गुड होप'. एक माणूस धरला आणि विजेच्या गिटारीपासून अरबी ऊद, स्पेन, तबला असा प्रवास झाला. प्रकाराचं नाव टाकून हे चार अल्बम एका ओळीत कधीच आले नसते.

आता 'किन्समेन'चंच टोक पकडा. त्यातला गिटारवादक रेझ अब्बासी. महंथप्पा, अब्बासी आणि डॅन वाइस या तिघांचा 'इंडो-पाक कोअॅलिशन' नावाचा संच आहे, त्यांचे 'अप्ती' (२००८) आणि 'अग्रिमा' (२०१७). डॅन वाइस अमेरिकन, पण तबला शिकलेला. त्याने तबल्याचा तीनताल ड्रमसेटवर वाजवून अख्खा अल्बम केला आहे, २००५मध्ये. दुसऱ्या बाजूने महंथप्पाचा जुना जोडीदार, पियानोवादक विजय अय्यर. त्याचा 'तीर्थ' (२०११), गिटारवर प्रसन्ना आणि तबल्यावर नितीन मित्ता. पुढे त्याच अय्यरचा गायिका अरूज आफताब आणि शहजाद इस्माइली यांच्यासोबतचा 'लव्ह इन एक्झाइल' (२०२३). हा शेवटचा रात्री गच्चीवर ऐकायचा. एप्रिल-मेमध्ये तसंही खाली झोप लागत नाही.

झाकीरभाईंची साखळी वेगळी सांगायला नको, ती आपोआप तयार होते. फक्त 'संगम' (२००६) चुकवू नका. चार्ल्स लॉइडचा सॅक्सोफोन, एरिक हार्लंडचे ड्रम आणि तबला, बस. बास नाही, पियानोवादक नाही, त्यामुळे ताल मोकळा ऐकू येतो.

सावधान: एका अल्बममधून तीनच नावं उचला. सगळीच उचललीत तर आठवड्यात वहीचं गोदाम होतं.

५. नावसारख्यांचा घोटाळा

जॉन मेयर या नावानं मला चांगलंच फसवलं आहे. कोलकात्यात जन्मलेल्या या संगीतकाराचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसोबतचे 'इंडो-जॅझ सूट' (१९६६) आणि 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' (१९६७) हे अल्बम या साऱ्या प्रकारातले आरंभीचे. मी नाव टाकलं, पहिला दिसला तो उतरवला आणि सकाळी गाडीत बसलो. अमेरिकेतल्या गिटारवाल्या गायकाची गाणी सुरू झाली. बरी होती. सतार कधी येते म्हणून मी धरणगावपासून पाळधीपर्यंत वाट पाहत बसलो.

असेच दोन अविशाय कोहेन आहेत, दोघेही इस्रायलचे: एक बासवादक, दुसरा ट्रम्पेटवादक. बिल इव्हान्सही दोन: 'काइंड ऑफ ब्लू'वरचा पियानोवादक, आणि पुढे माइल्सकडेच १९८०च्या दशकात वाजवणारा सॅक्सोफोनवादक. 'शंकर' टाकलंत तर विचारूच नका. 'शक्ती'च्या जुन्या संचात व्हायोलिनवर एल. शंकर होते, नव्या संचात गायला शंकर महादेवन होते.

तपासा: नावासोबत वाद्य आणि वर्ष जुळतंय ना? वर्ष बघताना आणखी एक भानगड असते. १९७६चा अल्बम नव्यानं साफ करून काढला की काही अॅप त्यावर नव्या आवृत्तीचं वर्ष टाकतात. डिस्कॉग्जवर मूळ साल बघा. 'डिलक्स' आवृत्तीत शेवटी जोडलेले जादा तुकडे पहिल्या ऐकण्यात सोडून द्या, मूळ अल्बम जिथे संपत होता तिथेच थांबा.

६. जोडकाम खरं की पाहुण्याची हजेरी?

दोन मोठी नावं एका मुखपृष्ठावर आली म्हणजे सहकार्य झालं असं नसतं. अल्बममधल्या एकाच गाण्यात पाहुणा आणि बाकी सगळं नेहमीचं, असे प्रकार उदंड. पाहुणा किती वादनांत आहे ते मोजा. रचनाकारांत त्याचं नाव आहे का बघा. त्याच मंडळींनी पुढे दुसरा अल्बम केला का, हेही. 'शक्ती'नं पहिल्या अल्बमनंतर ४७ वर्षांनी 'धिस मोमेंट' (२०२३) काढला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. इथे प्रश्नच नको.

सगळे एका खोलीत बसून वाजले तरच खरं, असा हट्ट मात्र धरू नका. शिकागोचा ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन मैफली ध्वनिमुद्रित करतो आणि मग घरी त्यांची कापाकापी करून नवी वादनं शिवतो. त्याचा 'युनिव्हर्सल बीइंग्ज' (२०१८) ऐकून ठरवा. मला आधी ही लबाडी वाटली होती, आता वाटत नाही.

सारथी कोरवार हे नाव इथे मुद्दाम घेतो. पुण्यात तबला शिकलेला, लंडनमध्ये राहणारा ड्रमवादक. 'डे टू डे' (२०१६) या त्याच्या अल्बमवर गुजरातमधल्या रतनपूरच्या सिद्दी मंडळींचं गाणं-वाजवणं आहे. रतनपूर भरूच जिल्ह्यातलं, म्हणजे नंदुरबारकरांना सुरत लाइननं शेजारचंच म्हणायचं. नंतरचा 'मोअर अरायव्हिंग' (२०१९) मुंबई-दिल्लीच्या रॅपरांसोबतचा. पहिला घरात लावला तेव्हा शेजारचे आप्पा कुंपणावरून म्हणाले, "हाई काय वाजी ऱ्हायनं भो?" आणि पूर्ण होईपर्यंत तिथेच उभे राहिले. कोथिंबीर-फोडणीची चाचणी मी त्या दिवशी घेतली नाही.

७. लेबल आणि प्रत्यक्ष मैफल

साखळी अडली की लेबलकडे वळा, त्याआधी नको. म्युनिकचं इसीएम हे शांत, मोकळी जागा ठेवणारं लेबल. 'मेकिंग म्युझिक', 'थिमार' आणि 'संगम' तिघंही त्याचेच. रॅप-इलेक्ट्रॉनिककडे झुकलेलं हवं तर लॉस एंजेलिसचं ब्रेनफीडर, 'द एपिक' त्यांचा. मॅक्रेव्हनसारखं हवं तर शिकागोचं इंटरनॅशनल अँथम. एका लेबलचे सलग तीनपेक्षा जास्त अल्बम ऐकू नका, सगळे एकाच सुगरणीच्या हातचे लागायला लागतात.

प्रत्यक्ष ऐकायचं तर सध्या मुंबई-पुणे गाठावं लागतं. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस. त्या सुमारास मुंबईत एनसीपीए (नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र) आणि इतर ठिकाणी काय आहे ते आधी महिनाभर बघून ठेवा. भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीचं आरक्षण उन्हाळी सुट्टीत लवकर संपतं. जाण्याआधी त्या संचाचा एक तरी अल्बम वरच्या पद्धतीनं तीनदा ऐकलेला असू द्या, म्हणजे धून कुठे परत आली ते तिथे कळेल.

८. अडलेल्या अल्बमचं काय करायचं

तीनदा ऐकूनही काहीच हाती लागलं नाही, असं होणारच. पुसून टाकू नका. वहीत शेवटच्या रकान्यात तारीख घाला, 'अडलं' लिहा आणि सहा महिन्यांनंतरची तारीख शेजारी टाका. मधल्या काळात त्यातल्या एखाद्या वादकाला दुसरीकडे ऐका, मग परत या. 'बिचेस ब्रू' माझ्याकडे तीन वेळा अडला; हॉलंडचं पान भरल्यावर चौथ्यांदा बासच्या बोटाला धरून आत गेलो. 'द एपिक'समोर अजूनही दोन तारखा आहेत. दुसरी येत्या पोळ्याची.